टेबलाखालचा पेशंट

आजाऱ्याची काळजी घ्यावी तर मीच! हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतेय, कारण दुसरं कुणी सांगायला तयार नाही. आमच्या घरात ताप येण्याआधी थर्मामीटर येतो. लेकीला शिंक यायच्या बेतात असते तोवर माझा हात रुमालासकट तिच्या नाकाशी पोचलेला असतो. सासूबाई म्हणतात, "या घरात मोकळेपणी शिंकायचीसुद्धा चोरी झालीय!" म्हणू देत. कॉलेजात जीवशास्त्र घेतलं होतं मी. बेडकाच्या पोटात काय काय असतं ते अजून क्रमाने सांगू शकते. एवढं ज्ञान असताना एक कोंबडी ती काय, आणि तिचा पाय तो काय!

कोंबडी आमची नव्हती. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, खाली शिंपीणकाकू. मागच्या अंगणात त्यांच्या तीन कोंबड्या हिंडतात. बहिणीचं ऑपरेशन निघालं म्हणून काकू गावाला गेल्या आणि जाताना कोंबड्या माझ्यावर सोपवून गेल्या. "तुझ्यासारखी काळजी करणारी बाई वर असताना मला कसला घोर!" असं म्हणाल्या. ही स्तुती होती असं मी धरून चालले.

आमची लेक चार वर्षांची. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही. त्या दिवशी ती अंगणात तिची तीनचाकी सायकल पिदडत होती. मी वरून जिन्यातून लक्ष ठेवून होते. लक्ष ठेवणं म्हणजे नुसतं बघणं नव्हे, आवाजही द्यावा लागतो! म्हणून मी ओरडले, "अगं, समोर बघ!"

झालं! कोण ओरडलं ते बघायला तिने मान वर केली.

खाली एकच कलकलाट! तपकिरी कोंबडी, जिला भिंगरी कोकी म्हणते, ती पुढच्या चाकाखाली! मी जिना उतरले म्हणण्यापेक्षा जिन्यावरून ओतले गेले. कोकी एका कुशीवर पडून पंख आपटत होती, एक पाय भलत्याच दिशेला बघत होता, आणि भिंगरी सायकलचं हँडल घट्ट धरून उभी होती. रडत नव्हती. तेच वाईट होतं.

"आई," ती हळूच म्हणाली, "मी कोकीला मारलं?"

"छे गं! थोडंसं लागलंय तिला. आपण बरं करू."

"ती परत पळेल?"

"पळेल म्हणजे काय! तू बघशीलच! आईने सांगितलं ना?"

आता 'आईने सांगितलं ना' हे आमच्या घरातलं शेवटचं वाक्य असतं. त्यापुढे अपील नाही. भिंगरीने मान डोलवली, सायकल ओढत जिन्याखाली नेली, भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि म्हणाली, "कोकी पळाली की मगच." त्यानंतर ती पोर अंगणात उतरली नाही. खिडकीत बसून राही. जिला बस म्हणून सांगताना आमचे घसे बसले, ती आपणहून बसली! काकूंना फोन केला तर त्या हॉस्पिटलच्या गोंधळात. "अगं, कोंबडीच ती! इतकं काय मनाला लावून घेतेस?" म्हणाल्या आणि पुन्हा काही त्यांचा फोन लागला नाही. पण हे वाक्य मी भिंगरीला कुठल्या तोंडाने सांगणार होते?

कोकीला टॉवेलात गुंडाळून गुरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने पाय तपासला. "एक बोट मोडलंय, बाकी मुका मार आहे. पट्टी बांधून देतो. पंधरा दिवस चालू-फिरू देऊ नका. उबदार, अंधारी, शांत जागा बघा, टोपलीत मऊ कापड घाला आणि बसवून ठेवा. जमेल?"

जमेल? मला विचारतोय? मला!

घरी येऊन जागा शोधायला लागले. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या. बाहेरच्या खोलीत सासूबाईंच्या मालिकेतल्या सुनांचं रडणं. न्हाणीघरात ओल. उरली एकच जागा. गॅलरीला काचा बसवून नवऱ्याने घरून काम करायला जे टेबल टाकलंय, त्या टेबलाखालची.

"माझ्या ऑफिसात कोंबडी?" नवरा खुर्चीतून उठलाच.

"ऑफिस कसलं? गॅलरी आहे ती."

"माझ्या मीटिंगा असतात! साहेब समोर असतो! मध्येच ही बोलली तर?"

"तर मीटिंगमध्ये कुणीतरी कामाचं बोललं म्हणायचं," सासूबाई दारातून म्हणाल्या. नवरा खाली बसला.

मग माझं खरं कसब पणाला लागलं! कपडे वाळवून आणायची वेताची टोपली, त्यात नवऱ्याचा जुना स्वेटर, टेबलावरून खाली जमिनीपर्यंत सोडलेली जाड चादर. आत असा गर्द, गुबगुबीत अंधार की मलाच तिथे जाऊन झोपावंसं वाटलं. शेजारी लॅपटॉपचा गरम होणारा चार्जर, म्हणजे उबेचीही सोय! भिंगरीच्या औषधाच्या ड्रॉपरने पाणी, दाणे निवडून, पुसून. चादर वर करायची तर आधी हात धुवायचे, असा नियम मी घरात लावला. नवरा म्हणाला, "माझं टेबल आहे! मला पाय ठेवायला हात धुवायला लागतात!"

पेशंटने उत्तम साथ दिली. पहिल्या काही दिवसांत तर ती टोपलीत अंडीसुद्धा घालत होती. मी अंडं पडल्या पडल्या उचलायची, साबणाने धुवायची, टोपली निर्जंतुक करायची. एकही अंडं तिच्याजवळ राहू दिलं नाही मी! जंतूंची खाण असते ती. कोकी माझ्याकडे डोळे वटारून बघायची. मला वाटायचं, कृतज्ञता!

पायाची सूज उतरली. बोट सरळ दिसायला लागलं. "पळेल आज?" भिंगरी रोज विचारायची. "उद्या गं." मी हवेत होते. शेजारच्या बाईंना जिन्यात गाठून मी कोंबडीच्या हाडांची रचना समजावून सांगितली. त्या हल्ली दुसऱ्या जिन्याने जातात.

आणि मग एका सकाळी सगळं उलटं फिरलं.

आधी नवऱ्याचा माऊस हरवला. बिनवायरचा, पांढरा, गोलसर, नवा कोरा. "रात्री टेबलावर होता! कडेलाच होता!" तो कपाटाखाली आडवा होऊन ओरडत होता. पण माझं लक्ष कुठलं जायला! कोकीने दाण्यांना तोंड लावलं नव्हतं.

मी ड्रॉपर पुढे केला. तिने अंगावरचं प्रत्येक पीस उभं केलं, फुगून दुप्पट झाली आणि घशातून असा काही गुरगुराट काढला की मी ड्रॉपर तिथेच टाकून मागे आपटले. कोंबडी गुरगुरते? कुठल्या पुस्तकात आहे हे? हात लावून पाहिला तर पोट तव्यासारखं गरम! छातीवरची पिसं गळून टोपलीभर झालेली, खाली कातडी उघडी! डोळे अर्धवट मिटलेले, नजर कुठेतरी दूर. हलवलं तरी हलत नव्हती. सकाळपासून विष्ठा एकदाच, पण तीही अशी की गॅलरीच्या सगळ्या काचा उघडाव्या लागल्या आणि नवऱ्याने शर्टाची कॉलर नाकावर ओढून उरलेली मीटिंग केली.

भूक गेलेली, ताप, केसगळती, म्हणजे पिसगळती, ग्लानी, स्वभावात बदल! जखमेतलं विष अंगात भिनलं, दुसरं काय? डॉक्टरला फोन लावला. तो कुठल्यातरी गोठ्यात होता, मागे म्हशींचं हंबरणं.

"डॉक्टर, कोंबडीची तब्येत फार खालावलीय हो!"

"पायाला सूज? वास? पू?"

"पाय अगदी उत्तम आहे, पण..."

"फिरते का फार?"

"फिरते कसली! सकाळपासून बसून आहे. जागची हलत नाही!"

"अरे वा! बसवून ठेवा म्हटलं होतं, तुम्ही खरंच बसवलीत. लोक ऐकत नाहीत हो! छान चाललंय!" आणि म्हशीने बहुधा लाथ मारली, कारण फोन बंद झाला.

"आई, आज पळेल?" भिंगरी दारात उभी.

"उद्या," मी म्हणाले. पण आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मुलांना कळतं हो! ती परत खिडकीत जाऊन बसली.

त्याच दुपारी नवऱ्याची वर्षातली सर्वांत मोठी मीटिंग होती. पंप विकणारी कंपनी. मोठं गिऱ्हाईक, मोठा साहेब, आणि सगळ्यांसमोर पडद्यावर चित्रं दाखवून बोलणार आमचा नवरा. माऊस नाही म्हणून लॅपटॉपवर बोट घासत. मला सक्त ताकीद, आत पाऊल टाकायचं नाही. पण पेशंटच्या पाण्याची वेळ झालेली! मी रांगत रांगत, कॅमेऱ्याच्या खालून चादरीत शिरले.

"नमस्कार," वरून नवऱ्याचा आवाज. "सुरुवातीला आपण आपल्या नव्या पंपाची..."

मी ड्रॉपर पुढे केला. कोकी गुरगुरली, सरकली, चोचीने पोटाखाली काहीतरी उकरल्यासारखं केलं.

वरून साहेबाचा आवाज, "पडद्यावर 'आपले आभारी आहोत' असं आलंय. संपलं?"

"नाही सर! शेवटचं पान आलं चुकून. हं, तर आपला नवा पंप..."

कोकी पुन्हा सरकली.

"पुन्हा आभारी आहात तुम्ही," साहेब म्हणाला.

"सर, मी काही करत नाहीये! बाण आपोआप फिरतोय! माझे दोन्ही हात वर आहेत, बघा!"

नवऱ्याने खरोखरच दोन्ही हात वर केले. तेवढ्यात मी टेबलाखालून बाहेर पडताना डोकं आपटलं, टेबल हललं, कॅमेरा खाली झुकला आणि पंपाच्या मोठ्या गिऱ्हाइकाला एक बाई हातात ड्रॉपर घेऊन चार पायांवर दिसली. मी नमस्कार केला. दुसरं काय करणार?

पुढचं फार भराभर घडलं. कंपनीतून फोन आला, "तुमच्या मशीनमध्ये बाहेरचं कुणीतरी घुसलंय. काहीही हात लावू नका!" खबरदारी म्हणून त्यांनी सगळ्या कंपनीचे संगणक बंद केले. बिलं थांबली, गोदाम थांबलं, म्हणे गेटवरचा अडसरसुद्धा अर्ध्यात थांबला आणि एक ट्रक त्याच्याखाली अडकला. आणि कंपनीचा कॉम्प्युटरवाला आमच्या घरी यायला निघाला.

पण मी त्यातलं 'बाहेरचं कुणीतरी' एवढंच ऐकलं. घुसलंय! म्हणजे आपल्या घरात बघतोय! कॅमेऱ्यातून! माझ्या लेकीला! मी कॅमेऱ्यावर भिंगरीचं सशाचं स्टिकर चिकटवलं, काचांवर वर्तमानपत्रं लावली, सगळ्यांनी खुणेने बोलायचं असं ठरवलं. सासूबाईंनी खुणेने विचारलं, चहा? मला वाटलं, त्या म्हणतायत चोर जिन्यात आहे. मी किंकाळी फोडली.

कॉम्प्युटरवाला आला. जाड चष्मा, पाठीला बॅग, चेहरा असा की जणू घरात मयत झालंय. टेबलाशी बसून तो पडद्याकडे बघत राहिला. बाण स्थिर.

"आता शांत आहे," तो कुजबुजला.

टेबलाखाली कोकीने अंग हलवलं. बाण सर्रकन कोपऱ्यात गेला.

"आला!" कॉम्प्युटरवाल्याने खुर्ची मागे ढकलली. "आपण बोललो की हलतो. तो ऐकतोय!"

"कोण?" नवरा.

"तेच तर! फार मुरलेला दिसतोय. असा वळणं घेत, थांबत थांबत चालणारा बाण मी आजवर पाहिला नाही. काहीतरी शोधतोय तो!"

सासूबाई म्हणाल्या, "सापडलं तर सांगायला सांगा. आमचाही माऊस हरवलाय." पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

आणि या सगळ्यात मी चादर वर करून पाहिलं. कोकीने मान पिसांत घातली होती. डोळे मिटलेले. तुरा फिका पडलेला. श्वास चालतोय की नाही ते कळेना. मी चादर सोडली. मग उठले, हात धुतले, आणि ठरवलं. खोटं 'उद्या' आता पुरे. पोरीला सांगायलाच हवं. हा गोंधळ आवरला नाही, कंपनी बंद पडली, नवऱ्याची नोकरी गेली, तरी एकवेळ चालेल. पण पोरीने उद्या स्वतःहून चादर वर केली आणि तिला काही भलतंच दिसलं तर?

खिडकीशी जाऊन तिच्यासमोर बसले. "भिंगरी, इकडे बघ राणी. आपण कोकीची खूप काळजी घेतली ना?"

"हो."

"पण कधी कधी... काळजी घेऊनसुद्धा..." मी उगाच तिच्या फ्रॉकचं बटण लावायला लागले.

भिंगरीचा खालचा ओठ थरथरला. "मी मारलं ना तिला?"

"नाही गं! नाही!"

ती खुर्चीवरून उतरली आणि तडक गॅलरीत गेली. हात न धुता! मी मागे धावले, तोवर ती चादरीखाली शिरलीसुद्धा. "चावेल गं ती! गुरगुरते!" आतून गुरगुराट आलाच. मग भिंगरीचा आवाज, अगदी हळू, मी तिला झोपवताना काढते तसा: "काही नाही करत हं मी. बघू दे फक्त."

पडद्यावरचा बाण वेड्यासारखा गोल गोल फिरायला लागला. "हल्ला!" कॉम्प्युटरवाला ओरडला. "वायर काढा! सगळ्या वायरी काढा!"

"आई!" चादरीखालून हाक आली. "कोकी मरत नाहीये गं. तिला बाळ होणारे!"

आणि चादरीच्या फटीतून एक छोटा हात बाहेर आला. हातात पांढरा, गोलसर, तव्यासारखा गरम माऊस!

कॉम्प्युटरवाल्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. नवरा टेबलाकडे बघत होता, टेबलाच्या कडेकडे बघत होता, कडेच्या बरोबर खाली, चादरीच्या फटीशी असलेल्या टोपलीकडे बघत होता. सासूबाई मात्र खाली बसून टोपलीत डोकावल्या आणि हसायला लागल्या, पदर तोंडाशी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अगो बाई, खुडूक झालीय ही! अंडी उबवायला बसलीय! तू एकेक अंडं काढून घेतलंस, मग जे मिळालं त्यावर बसली बिचारी!"

"पण ताप? पिसं? खात नव्हती ती!"

"उबवताना खातात होय? आणि उबेसाठी छातीची पिसं आपणच उपटतात. अंधार, ऊब, मऊ स्वेटर, कुणाची ये-जा नाही. अशी खोली मिळाली तर मीसुद्धा खुडूक बसेन!" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ओळखू कशी आली नाही गं तुला? भिंगरी झाली तेव्हा तू वेगळं काय करत होतीस? जेवण नाही, झोप नाही, कुणी जवळ गेलं की फिस्कारायचीस. आम्ही ताट दारातून आत सरकवायचो आणि पळायचो!"

नवरा हसला. मी पाहिल्यावर थांबला.

"मी वर काय कळवू?" कॉम्प्युटरवाला केविलवाणा होऊन विचारत होता. "सगळी कंपनी बंद आहे. ट्रक अडकलाय. कारण काय लिहू?"

"तांत्रिक," नवरा म्हणाला.

"कोंबडी," सासूबाई म्हणाल्या.

"पुरावा म्हणून हा माऊस न्यावा लागेल," तो म्हणाला आणि माऊस हातात धरून जिना उतरायला लागला.

इकडे आम्ही कोकीला टोपलीसकट अंगणात आणलं. डॉक्टरने सांगितलेली मुदत उलटून गेलीच होती. मी पट्टी सोडली. बोट छान जुळलेलं. तिला जमिनीवर ठेवलं. भिंगरी माझा हात धरून उभी. कोकी तशीच बसली, फुगून.

"उठ ना कोकी," भिंगरी पुटपुटली.

कोकी उठेना. पाय बरा झालाय, पण पळाली नाही तर? पोरीला कुठल्या शब्दांत सांगायचं, की बरी झालीय पण इच्छा नाही?

तेवढ्यात कॉम्प्युटरवाला अंगणातून फाटकाकडे चालला होता. हातात माऊस.

कोकीने मान वर केली. तिने माऊस पाहिला. तिने कॉम्प्युटरवाला पाहिला. आणि मग अंगावरचं पीस न् पीस फुलवून, पंख पसरून, घशातून असा आवाज काढत की पलीकडच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या, ती सुटली! चालली नाही, लंगडली नाही, पळाली! कॉम्प्युटरवाल्याने मागे पाहिलं आणि तोही पळाला! बॅग पाठीवर उडतेय, चष्मा नाकावर, अंगणाला एक फेरा, दुसरा फेरा, काकूंच्या धुणं वाळत घालायच्या दोरीखालून, पाण्याच्या टाकीला वळसा!

"माऊस टाका!" नवरा वरून ओरडला.

"कंपनीचा पुरावा आहे हो!"

"पळाली! आई, पळाली! कोकी पळाली!" भिंगरी जागच्या जागी नाचत होती. मग तिने माझा हात सोडला, जिन्याखाली धावली, सायकल भिंतीपासून ओढून काढली, आणि हँडलची घंटी वाजवत कोकीच्या मागे! पुढे कंपनी, मध्ये कोंबडी, मागे माझी लेक.

शेवटी बिचाऱ्याने माऊस फेकला आणि फाटकावर चढून बसला. कोकीने माऊस चोचीने पोटाखाली ओढला आणि त्यावर ऐटीत बसली. नवऱ्याने नवा माऊस मागवला. वायरवाला.

मी तिथेच उभी होते. रिकामी टोपली हातात, डोळ्यांत पाणी, हे उगाच लपवत नाही. तोच वरून सासूबाईंनी हाक मारली, "कोंबडी बरी झाली, पोरगी बरी झाली! आता तूही टोपली खाली ठेव आणि जेवायला ये. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या!"

बरोबर होतं त्यांचं. अति करते मी. हे आता मलाही कळलं. मी निमूटपणे वर गेले, भिंगरीला तिच्या मर्जीने खेळू दिलं, एकही हाक मारली नाही, आणि शांतपणे जेवले.

खिडकीत उभी राहून. तिथून सगळं अंगण दिसतं ना!